शंभरातून एखादा

विडी घरकुलात मी रक्त मागत फिरते.
थर्मासमध्ये बर्फ, पिशवीत ठिपक्यांचं पुस्तक,
आणि तेलुगू, आईकडून आलेली, जरा विरलेली.
ठिपक्यांत आकडा दिसतो का?
बायका विडी वळता वळता मान वर करतात.
"यात सरकारचं काय मिळतं की?"
काही नाही. नकाशा होतो.
"कुठल्या गावचा?"

गुणसूत्र म्हटलं तर बोल्ली आजोबा विचारतात,
कितवं सूत? विसाचं की चाळिसाचं?
तेविसावं, मी म्हणते.
"मग जाडच की. चादरीला चालेल."

रात्री अशोक चौकातल्या खोलीत वंशवेली काढते.
बाप्ये चौकोन, बाया वर्तुळं.
मामाशीच लग्न लावलंय तिथे दुहेरी रेघ,
आमच्यात ती फार लागते, पेन्सिल झिजते.
जिच्यातून खूण पुढे गेली
पण जिला स्वतःला काही झालं नाही
तिच्या वर्तुळात एक ठिपका.
आईने आपलं वर्तुळ पाहिलं, म्हणाली,
एवढंस्संच कुंकू लावलंस होय गं मला?

आमची वेल राजमल्लूमामापासून.
मिलच्या रंगखात्यात बावीस वर्षं.
हिवतापाच्या गोळ्यांनी एकदा
लघवी कोऱ्या चहासारखी, डोळे हळदीचे,
सिव्हिलमध्ये अकरा दिवस. ही पहिली खूण.
दुसरी कुणालाच माहीत नव्हती, त्यालाही अर्धीमुर्धी:
लाल आणि हिरवं तो नाकाने ओळखायचा.
हिरव्या हौदाला हायड्रोसचा सडका वास,
लालला नॅप्थॉलचा, डांबरगोळीकडे झुकणारा.
मग नवे रंग आले.
सगळ्यांना वास एकच, मिठाचा नि सोड्याचा.
चारशे चादरी. लाल काठाच्या जागी हिरवे.
पिऊन आलास, साहेब म्हणाले.
आयुष्यात थेंब न घेतलेला मामा
हो म्हणाला.
पिण्याला निदान नाव होतं.

दोन्ही खुणा एकाच सूत्रावर, टोकाशी, जवळजवळ.
मामाला दोन्ही. माझ्या भावाला दोन्ही.
एका गल्लीतल्या बायका
एकाच रिक्षात दाटीवाटीने येतात, तशा.
इथलं अंतर वीत-हाताने मोजत नाहीत,
साथ किती वेळा सुटली ते मोजतात.
शंभर जन्मांत एकदा सुटली, तर अंतर एक.
कधीच सुटली नाही
तर दोघींमध्ये काय आहे, कळायचं कसं?

भार्गव कलिंगडाची साल चॉकलेटी रंगवतो,
हे मला ठाऊक होतं.
दुसऱ्या खुणेची तपासणी मात्र स्वच्छ निघाली.
पुन्हा केली.
तिसऱ्यांदा दुसऱ्या कुणाच्या हातून करवली.
स्वच्छ.
मॅडम खुर्चीतून उठल्याच,
"मिळाला की गं एक! तोही घरातला!"
मी हिशेबाच्या वहीत लिहिलं: सुटलेले, एक.
हात थोडा हलला, आकडा सातासारखा आला.

ती साथ सुटली माझ्यात.
आणि माझ्यात म्हणजे कधी, तर
मी स्वतः आईच्या पोटात असताना,
कारण बाईची बीजं तेव्हाच तयार होऊन बसतात.
आई त्या दिवसांत मामाचा डबा घेऊन
रंगखात्याच्या फाटकाशी उभी राहायची,
पायाखालून गटाराचं लाल पाणी
की हिरवं, तिने कधी सांगितलं नाही.

रविवारी मामाकडे गेलो.
तो टॉवेलांच्या घड्या घालत होता, डझनावारी.
सगळं सांगितलं, ठिपका, रेघा, टोक.
घडी घालायची थांबली नाही.
"म्हणजे त्या चादरी हिरव्याच होत्या तर."
होत्या मामा.
मग त्याने भार्गवला जवळ घेतलं,
दोन टॉवेल त्याच्या नाकाशी धरले,
आधी एक, मग दुसरा.
"काही वास येतो?"
नाही आजोबा.
"मलाही नाही."